पहिल्या तीन जोड्या

सोहारच्या फलज कॅम्पात रात्री साडेअकराला
सगळे एसी एका सुरात कण्हतात
आणि माझ्या स्क्रीनवर एकेक फोन उगवतो.
बारा अक्षरं, दोन-दोनच्या सहा जोड्या,
मधे मधे विसर्ग
जणू कुणी जिना चढून आलंय
आणि धापा टाकत पत्ता सांगतंय.

पहिल्या तीन जोड्या कारखान्याच्या.
तक्ता उघडायचा, बोट फिरवायचं:
हा शेन्झेनचा, हा कोरियातला,
हा तैवानच्या एका कंपनीचा
जी बुडून सात वर्षं झाली,
जिचं नाव आता फक्त या तक्त्यात
आणि बावीस नंबर खोलीतल्या तडकलेल्या टॅबलेटात.
उरलेल्या तीन जोड्या ज्याच्या त्याच्या.

मला हे नवं नाही.
बुरोंडकर म्हटलं की बंदर कळतं,
काठीवर सुकणाऱ्या बोंबलांचा वास कळतो,
माणूस कळत नाही.
आमच्या मोहल्ल्यात तीन अश्फाक बुरोंडकर:
एक खलाशी, एक मुका, एक माझा बाप.
पोस्टमन मशिदीच्या कोपऱ्यावरून हाक मारायचा
आणि दोघं ओ द्यायचे,
तिसरा नुसता उठून उभा राहायचा.

इंजिनिअर वाईल सकाळी यादी मागतो.
माणशी एक फोन. जास्तीचं काय असेल ते कापायचं.
मी कापतो.
कुणाचा जुना फोन, कुणाचा बल्ब,
कुणी मस्कतहून आणलेला छोटा टीव्ही.
मग एक पत्ता लागला नऊ नंबरात,
रात्री दहाला येणारा, पहाटे अडीचला जाणारा.
तक्ता म्हणाला: शिलाई यंत्रं बनवणारे, जपान.
मी दोनदा जुळवला.

खाटेखाली गुडघे टेकून बसला होता शफिउद्दीन,
दिवसा पाइपांवर लोकर गुंडाळणारा.
यंत्रावर टॉवेल, टॉवेलाखाली सुई,
सुईखाली पांढरा कुम्मा,
त्यावर जांभळी वेल, पान पान पुढे सरकणारी.
नक्षी राजशाहीहून भाऊ पाठवतो, म्हणाला,
वायफायवरून थेट टाक्यात उतरते.
ही कुणासाठी?
सालेमसाहेबांसाठी.
म्हणजे आमचा मंदूब,
ज्याच्या एका शिक्क्यावर
आम्हा सगळ्यांचं इथलं असणं टांगलेलं.

यादीत मी लिहिलं: प्रिंटर.
तसं खोटंही नाही.

हल्ली फोनही शिकलेत.
कारखान्याचा पत्ता लपवतात,
आपला आपण एक बनवून सांगतात.
खूण एवढीच, दुसरं अक्षर पाहायचं:
दोन, सहा, ए किंवा ई असेल
तर तक्ता मिटून ठेवावा.
तो कुणाच्याच घरचा नाही.
गेल्या वर्षी असे सहा होते, या रमजानला चाळीस.

इथे ओळखपत्राला बताका म्हणतात,
आम्ही कोकणातले पताका म्हणतो
आणि खिशात मिरवतो.
माझ्या पताकेवर धंदा लिहिलाय: गवंडी.
गवंड्याचा व्हिसा तेव्हा मोकळा होता, एवढंच.
अकरा वर्षांत एक वीट लावली नाही.
चेकपोस्टवर पोलीस कार्ड पाहतो,
मग माझे हात पाहतो,
मग कंटाळून जा म्हणतो.

वाईल विचारत होता आज,
हे चाळीस कुणी बनवले?
त्यांनी स्वतःच, सर.
तो हसला नाही. म्हणाला, मग कापा.
मी म्हटलं, उद्या वेगळा पत्ता घेऊन येतील.
म्हणाला, तोही कापा.

रात्री यादी घेऊन बसलोय.
चौदावा बहुतेक फोरमनचा.
एकतिसावा माझा.
बाहेर वाऱ्याला भट्टीचा वास आहे,
आणि नऊ नंबरातला प्रिंटर
आत्ताच सुरू झाला.